कलमाच्या चाकूला खिशाची क्लिप





गेल्या अंकातील हिशेबात ‘चाकूच्या क्लिपा : साहित्य व लोहाराची मजुरी’ अशी एक ओळ होती. ती वाचून काही मंडळींतून विचारणा झाली. चाकू घेऊन दिले, ते समजले. पण क्लिप म्हणजे काय, आणि ती बाजारात तयार मिळत नाही का? प्रश्न रास्त आहे. आपण दिलेला पैसा कुठे गेला हे आपल्याला कळलेच पाहिजे. म्हणून या वेळी त्या एका ओळीचाच खुलासा करते. ज्यांच्या घरी थोडीफार हत्यारे आहेत, त्यांना वाचून स्वतःही अशी क्लिप करता येईल.

चाकू हरवतो म्हणजे काय होते

जव्हार-मोखाड्याकडच्या आपल्या पाड्यांवरील काही तरुण आणि काही बहिणी पावसाळ्यात आंबा-काजूची कलमे बांधण्याचे काम करतात. मजुरी नगावर मिळते. जेवढी कलमे बांधाल, तेवढे पैसे. आंब्याच्या कोय कलमाला मुदत थोडी असते. कोय रुजून वर आलेले रोप तांबूस पानांचे, कोवळे असते, तोवरच ते बांधावे लागते. खुंटाच्या शेंड्याला मधोमध चीर द्यायची, कलमकाडीला दोन्ही बाजूंनी तिरका काप देऊन पाचर करायची, ती चिरेत बसवायची आणि प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायची. सालीच्या आतला हिरवा, वाढता थर दोन्हीकडचा एकमेकांना भिडला तर कलम जगते. त्यासाठी काप एका झटक्यात, सपाट आणि स्वच्छ पडावा लागतो. म्हणून कलमाच्या चाकूचे पाते सरळ असते आणि बहुतेक वेळा त्याला एकाच बाजूने धार काढलेली असते.

हा चाकू घडीचा असतो. दिवसभर उकिडवे बसून काम चालते. एका रोपाकडून दुसऱ्याकडे सरकताना चाकू मिटून खिशात टाकतात, पुन्हा काढतात. पातळ हाफ पँटच्या खिशातून तो चिखलात घसरतो आणि पावसात सापडत नाही. चाकू नसेल त्या दिवशी मजुरी नाही. दुसऱ्याचा चाकू मागून घेतला तर दोघांचेही काम अर्धे होते. सापडलाच तर चिखलाने माखलेला सापडतो, आणि तसल्या पात्याने काप दिला तर कलम कुजण्याची भीती असते. सर्वांत वाईट म्हणजे तो रोपवाटिकेत खेळणाऱ्या लहान मुलाच्या हाती लागतो.

गटातल्या एका वारली मुलाने मला साधा प्रश्न केला, “ताई, कोयत्याला आकडी आहे, मग चाकूला का नाही?” आपल्याकडे कोयता कमरेच्या आकडीत अडकवून रानात जाण्याची रीत जुनी आहे. चढताना, उतरताना, भारा उचलताना दोन्ही हात मोकळे राहतात आणि कोयता जागचा हलत नाही. घडीच्या चाकूची आकडी म्हणजेच खिशाची क्लिप.

तयार चाकू का नको?

कल्पना नवी नाही. पेनाला क्लिप असते हे आपण शाळेपासून पाहतो. घडीच्या चाकूला खिशाची क्लिप लावून ती लोकप्रिय करण्याचे श्रेय अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातील स्पायडर्को या कारखान्याचे संस्थापक साल ग्लेसर यांना दिले जाते. त्यांचा ‘वर्कर’ नावाचा चाकू १९८१ साली बाजारात आला. त्यानंतर जगभर बहुतेक घडीच्या चाकूंना अशी क्लिप येऊ लागली.

एका हितचिंतकांनी असे परदेशी चाकूच पाठवण्याची तयारी दाखवली होती. त्यांच्या प्रेमाबद्दल आभार मानून आम्ही नको म्हणालो. त्या चाकूंचे पाते बहुधा टोकाकडे वळलेले आणि दोन्ही बाजूंनी धारेचे असते. दोरी, खोकी कापायला ते उत्तम. पण त्याने पाचर सपाट निघत नाही. कलमाचा चाकू हातात बसलेला आहे, तोच राहू द्यावा आणि त्याला क्लिप लावावी, हे आम्हाला अधिक बरे वाटले.

दुसरे कारण बहिणींचे. तयार क्लिप पँटच्या खिशासाठी असते. लुगडे किंवा साडी नेसून कलमे बांधणारीला खिसाच नाही. प्रत्येकाचे कापड, हात आणि बसण्याची ढब वेगळी. म्हणून क्लिपही ज्याची त्याची करावी लागते.

धातू कोणता?

क्लिपचे काम स्प्रिंगचे आहे. कापड आत शिरताना तिने थोडे उचलले जावे आणि मग परत दाबून बसावे. साध्या पत्र्याची क्लिप केली तर जाड शिवणीवर चढवताच ती वाकते आणि वाकलेलीच राहते. दोन-चार दिवसांत ती ढिली होते. म्हणून पाणी दिलेले पोलाद लागते.

ते आम्हाला सुताराच्या मोडक्या हातकरवतीत मिळते. करवतीचे पान साधारण ०.८ ते १ मिलिमीटर जाड असते आणि पोलाद चांगल्या कार्बनचे असते. एका पानात पुष्कळ क्लिपा निघतात. पट्टी मात्र पानाच्या लांबीच्या दिशेनेच कापावी. पत्रा कारखान्यात ज्या दिशेने लाटलेला असतो, त्या दिशेची पट्टी वाकवताना सहसा तडकत नाही. अलीकडच्या काही करवतींचे फक्त दातच कडक केलेले असतात. त्यांचा दातांकडचा निळसर भाग टाकून द्यावा.

जाडीचा हिशेब मुलांना मी असा सांगते. पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. जाडी दुप्पट केली तर क्लिप आठपट ताठ होते. लांबीचे उलटे आहे. मोकळा भाग दहा टक्के लांब केला तर ताठपणा सुमारे पाव हिश्श्याने कमी होतो. रुंदी दुप्पट केली तर ताठपणा फक्त दुप्पट. म्हणून क्लिप घट्ट वाटली तर रुंदी घासत बसू नये. जाडी किंचित कमी करावी. आमचे माप ठरले आहे : एकूण लांबी ६० मिलिमीटर, रुंदी ९, जाडी ०.९ आणि बुडाची बैठक सोडून मोकळा भाग सुमारे ४०.

क्लिप कोणत्या बाजूला?

पट्टी कापण्याआधी हे ठरवावे लागते, कारण यात सुरक्षितता आहे. मिटलेल्या चाकूत पात्याचे टोक मुठीच्या मागच्या टोकाशी असते आणि पात्याची खीळ पुढच्या टोकाशी. आम्ही क्लिप खिळीच्या बाजूला लावतो. मग खिशात खीळ वर राहते आणि पात्याचे टोक खाली. दिवसातून कितीतरी वेळा हात खिशाकडे जातो. पाते थोडे उघडलेच तर टोक बोटांच्या वाटेत येऊ नये.

आता चाकू तसाच खिशात धरून पाहावा. पाते ज्या बाजूने बाहेर येते, ती बाजू खिशाच्या मागच्या शिवणीला टेकली पाहिजे. शिवण पात्याला मिटलेले ठेवते. त्या स्थितीत मुठीची जी बाजू बाहेर दिसते, तिच्यावर क्लिप. डावखुऱ्या माणसाने डाव्या खिशात धरून हेच करावे. त्याची बाजू आपोआप उलटी येईल.

लोहाराच्या शाळेत

बाकीचे काम आम्ही जवळच्या गावातील एका वयस्क लोहारबाबांकडे शिकलो. विळे-कोयत्यांना पाणी देण्यात त्यांचे आयुष्य गेले. मजुरीची ओळ हिशेबात आहे ती त्यांची.

पहिली पायरी पोलाद मऊ करण्याची. करवतीचा तुकडा भट्टीत लाल करायचा आणि कोरड्या राखेत पुरून रात्रभर ठेवायचा. सावकाश निवलेले पोलाद मऊ होते; मग ते कापता, भोक पाडता आणि वाकवता येते.

दुसरी पायरी, जाड पुठ्ठ्याचा नमुना. तो चाकूवर धरून, खिशात घालून पाहायचा, बोटांना टोचत नाही ना हे पाहायचे आणि मगच पत्र्यावर आखायचे. हॅक्सॉला बारीक दातांचे पाते लावून, पत्रा दोन फळ्यांमध्ये दाबून कापायचा. कडा कानशीने गोल करायच्या. कानस लांबीच्या दिशेने चालवायची. आडवे ओरखडे राहिले तर स्प्रिंग पुढे तिथूनच तडकते.

तिसरी पायरी भोकांची. स्क्रू २.५ मिलिमीटरचे वापरतो, म्हणून बैठकीत २.७ मिलिमीटरची दोन भोके, एकमेकांपासून ८ मिलिमीटरवर. पंचाने खूण करून, पत्रा लाकडावर शिकंजात आवळून ड्रिल चालवायचे. पातळ पत्रा बोटांनी धरून ड्रिल कधीही चालवू नये. ड्रिल बाहेर पडताना पत्र्याला पकडून गरकन फिरवते आणि बोट कापते. हा नियम मोडणाऱ्याला त्या दिवशी भट्टीजवळ प्रवेश नाही.

चौथी पायरी वाकवण्याची. बैठकीच्या पुढे पट्टी सुमारे दोन मिलिमीटर उचलायची, मग हळूहळू खाली आणून टोकाच्या थोडे अलीकडे मुठीला टेकवायची आणि शेवटचे टोक वर फिरवायचे. वर फिरलेल्या तोंडातून कापड आत शिरते. काटकोनात तीक्ष्ण बाक देऊ नये. चार मिलिमीटरच्या सळीवर पट्टी वळवली की बाक गोलसर येतो आणि तडा जात नाही.

पाणी देणे

पाचवी पायरी मुलांना सर्वांत आवडते. क्लिप पुन्हा भट्टीत तापवायची. किती? लोहारबाबा रंगावरून ओळखतात. नवशिक्यांना आम्ही लोहचुंबक दिले आहे. सुमारे ७७० अंश सेल्सियसला पोलादाला चुंबक चिकटेनासे होते. त्याच्या किंचित वर गेले की क्लिप चिमट्याने उचलून, उभी धरून, सरळ शेंगदाण्याच्या तेलात बुडवायची. इतक्या पातळ पट्टीला पाण्यात बुडवले तर ती वेडीवाकडी होते किंवा तडकते. गाडीचे काळे तेल वापरू नये, त्याचा धूर वाईट. तेलाच्या डब्याला झाकण आणि शेजारी कोरडी वाळू हवीच.

आता कानस तिच्यावरून नुसती घसरते. क्लिप कडक झाली, पण काचेसारखी ठिसूळही झाली. तशीच लावली तर पहिल्याच दिवशी मोडेल. म्हणून सहावी पायरी : ती पॉलिश पेपरने चकचकीत करायची आणि तव्यावर वाळू तापवून त्या वाळूवर ठेवायची. वाळूने उष्णता सगळीकडे सारखी लागते. आता रंग बघत राहायचे. आधी गवताच्या काडीसारखा फिकट पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा आणि सुमारे ३०० अंशांच्या आसपास निळा. पिवळा रंग धारेच्या हत्यारांना चांगला. स्प्रिंगला निळा हवा. पूर्ण निळी झाली की उचलून निवू द्यायची. राखाडीपर्यंत जाऊ दिली तर ती पुन्हा मऊ पडते.

मग परीक्षा. टोकाखाली तीन मिलिमीटरची पट्टी वीस वेळा सारायची आणि काढायची. क्लिप पहिल्या जागी परत आली तर ती उत्तीर्ण. वर राहिली तर मऊ आहे, पाणी पुन्हा द्यायचे. मोडली तर निळी झाली नव्हती. हे सर्व डोळ्यांना चष्मा लावूनच.

चाकूवर बसवणे

मुठीला बाहेरून लाकूड आणि आतून पितळेची पातळ पट्टी असते. पाठीकडे स्प्रिंग, तिच्यासमोर पात्याची खाच. पाते पूर्ण उघडून त्याला जाड कापड गुंडाळायचे आणि चिकटपट्टी लावायची. रिकाम्या खाचेत प्लायवूडची चीप सरकवायची, म्हणजे ड्रिल पलीकडच्या बाजूला लागत नाही. भोके खिळीपासून दूर आणि पाठीच्या स्प्रिंगला टाळून, खाचेच्या अंगाला घ्यायची. आधी लाकूड आणि पितळ या दोन्हींतून २.१ मिलिमीटरचे भोक, मग फक्त लाकडातले २.७ करायचे, आणि पितळेत टॅपने आटे पाडायचे. पितळ एक मिलिमीटरच असल्याने आटे दोनच बसतात. म्हणून स्क्रू दोन हवेत आणि ते जोर लावून पिळू नयेत.

स्क्रूची लांबी मोजूनच घ्यायची. क्लिप ०.९, लाकूड सुमारे ४ आणि पितळ १, म्हणजे ५.९ मिलिमीटर. सहाचा स्क्रू थोडा घासून बसवायचा. त्याचे टोक पितळेच्या आत निघाले तर मिटताना पाते त्याला घासते आणि महिन्यांची धार एका दिवसात जाते. आट्यांना नखपॉलिशचा एक थेंब लावला की स्क्रू सहजी सुटत नाही, पण गरज पडली तर काढता येतो.

शेवटी कागदाची पट्टी क्लिपखाली घालून ओढायची. ती अडकली पाहिजे, पण न फाटता निघाली पाहिजे. सहज निघाली तर चाकू पडेल. फाटली तर खिसा फाटेल.

ज्यांना खिसा नाही

बहिणींसाठी आम्ही जाड कापडाचा कमरपट्टा शिवला आणि त्यावर एक अरुंद, खोल खिसा. साडीवरून पट्टा बांधला की चाकू त्या खिशात उभा राहतो. जाड कापडाला चाकूच्या क्लिपची फट साध्यापेक्षा थोडी मोठी ठेवावी लागते. ती वाकवतानाच ठेवायची, मागाहून पकडीने ओढून नाही. पट्टा शिवण्याचे काम गटातल्याच एका मावशी करतात. पूर्वी चाकू पदरात बांधून नेत, आणि दर कलमाला गाठ सोडायची-बांधायची. नगावर मजुरी असलेल्या बाईला त्या गाठीची किंमत पुरुषांपेक्षा जास्त मोजावी लागत होती.

दोन सावधगिऱ्या

क्लिप पोलादाची आहे, गंजते. पावसाळ्यात रोज संध्याकाळी तेलाचे बोट फिरवावे. बुडाच्या भोकाजवळ बारीक तडा दिसला तर वापर थांबवून नवी करावी.

दुसरी गोष्ट कायद्याची. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालील नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारे येतात; घरगुती, शेती, शास्त्रीय व औद्योगिक कामांसाठी घडवलेली अवजारे त्यातून वगळलेली आहेत. आपला चाकू लहान आणि शेतीचाच आहे. तरीही खिशावर दिसणारी क्लिप पाहून आदिवासी मुलाला बसस्थानकावर हटकले जाऊ शकते, आणि तिथे नियम समजावून सांगण्याची संधी त्याला मिळेलच असे नाही. निवडणूक, सणवार यांच्या काळात हत्यार बाळगण्यावर बंदीचे आदेशही निघतात. म्हणून आमचा नियम असा : क्लिप रोपवाटिकेत. बाजारात, जत्रेत, बसमध्ये चाकू कलमाच्या पट्ट्यांसोबत पिशवीच्या तळाशी.

आपल्याकडून काय हवे

पवित्र शास्त्रात १ शमुवेलच्या १३व्या अध्यायात एक छोटी नोंद आहे. इस्राएलात लोहार उरला नव्हता, म्हणून नांगराचे फाळ आणि कुऱ्हाडी पाजवायला लोकांना पलिष्ट्यांकडे जावे लागे आणि त्यांचे पैसे मोजावे लागत. पाड्यावर काम करताना ही नोंद मला वारंवार आठवते. अवजार आपले, पण ते दुरुस्त करणारा हात दूर शहरात, ही स्थिती आमच्या लोकांच्या ओळखीची आहे. लोहारबाबांचे वय झाले आहे आणि त्यांची मुले या धंद्यात नाहीत. आज गटातले तिघे जण पाणी देण्यापर्यंतचे सारे काम त्यांच्या नजरेखाली करू शकतात. ही क्लिप शिकलेला मुलगा उद्या विळ्याला, कुऱ्हाडीलाही पाणी देऊ शकेल. हिशेबातली ती ओळ या शिक्षणाची फी आहे.

नवे चाकू सध्या नकोत. आपल्या घरी किंवा ओळखीच्या सुताराकडे मोडक्या हातकरवती पडल्या असतील तर त्या द्याव्यात. २.५ मिलिमीटरचे स्क्रू आणि त्या मापाचे टॅप तालुक्याला मिळत नाहीत. शहरातील मंडळींनी ते घेऊन दिले तर उपयोग होईल. चांगल्या स्थितीतील संरक्षक चष्मेही हवे आहेत. रक्कम पाठवणाऱ्यांनी सोबत ‘लोहारकाम’ असे लिहावे, म्हणजे ती वेगळी नोंदवता येईल. पावसाळ्यानंतरच्या अंकात किती क्लिपा झाल्या, किती मोडल्या आणि किती चाकू हंगामाअखेर जागेवर होते, हे आकड्यांत कळवीन.

प्रभूच्या सेवेत,
आपली बहीण